पाटणकडं व्हॅनिला लावावी का? आतेभाऊ पाठ सोडेना

कोयनाकाठ | १४ ऑगस्ट २०२१, रात्री ९:४०

मंडळी नमस्कार. मी पाटण तालुक्यातला. अडीच एकर रान, त्यातली वीस गुंठ्यांची पट्टी गेली काही वर्षं आल्याला असायची. मागच्या साली कंदकूज लागली, यंदा दर असा की काढणीची मजुरीही निघेना. आलं अजून जमिनीतच आहे.

आतेभाऊ पुण्यात नोकरीला. परवा एक रंगीत पत्रक घेऊन आला. वर मोठ्या अक्षरात 'हिरवं सोनं'. नर्सरीवाले शेडनेट उभं करून देणार, व्हॅनिलाची रोपं देणार, शेंगा तेच 'बायबॅक' करणार, किलोला चाळीस हजार. आगाऊ रक्कम मात्र आपण भरायची. परागीकरणाचं विचारलं तर म्हणाला, मधमाश्यांची एक पेटी ठेवली की झालं. आई म्हणाली, "चंदन झालं, सफेद मुसळी झाली, आता ही कोण आली?"

नमुन्याला म्हणून एक रोप ठेवून गेलाय. पानं जाड, घायपातीच्या पिलासारखी. एक पान मोडलं तर चिकट पाणी आलं आणि मनगटाला संध्याकाळपर्यंत खाज. पण मला खरं कोडं वेगळंच पडलंय. पान चुरगाळलं, देठ हुंगला, मुळी हुंगली. वास काही नाही! मग आइस्क्रीममध्ये येतो तो वास येतो कुठून?

कुणी केलीय का शेती? आपल्याकडं येईल का?

झणझणीत मिसळ | १४ ऑगस्ट, ९:५२

बायबॅकचा अर्थ सांगतो. बाय म्हणजे तुम्ही विकत घ्यायचं. बॅक म्हणजे नंतर त्यांची पाठ बघायची.

माणदेशी माणूस | १४ ऑगस्ट, १०:०५

आवो, कडकनाथ कोंबडीच्या वक्ताला आमच्या पावण्यानं म्हस इकून पैसं भरलं हुतं. कोंबड्या ऱ्हायल्या, घेणारं गेलं. आगाऊ पैसं म्हणलं की उठायचं आन् च्या पिऊन वाटंला लागायचं.

आमरी | १४ ऑगस्ट, १०:४८

धागा आवडला. मी कराडला वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे शेतीचं नाही, फुलाचं सांगते.

व्हॅनिला ही ऑर्किड आहे, म्हणजे आपल्या मराठीत आमरी. (माझं इथलं नाव तिथूनच आलं.) कासला पावसाळ्यात दिसणाऱ्या आमऱ्या किंवा मे-जूनमध्ये झाडावरून लोंबणारी सीतेची वेणी, त्याच कुळातली ही मेक्सिकोकडची वेल. ऑर्किडांच्या एवढ्या मोठ्या गोतावळ्यात खाण्यासाठी म्हणून मोठ्या प्रमाणावर लावली जाते ती जवळजवळ हीच.

आता मधमाश्यांच्या पेटीचं. फूल पिवळट हिरवं, बोटभर लांब. खालची पाकळी गुंडाळून नळी झालेली. नळीत एक दांडा, त्याच्या टोकाला परागाचा गोळा आणि त्याच्याच खाली चिकट कुक्षी. दोघांत अंतर ज्वारीच्या दाण्याएवढंही नाही, पण मध्ये एक पातळ पडदा आडवा. त्याला रोस्टेलम म्हणतात. म्हणजे नवरा-नवरी बोहल्यावर उभे, आणि अंतरपाट धरणारा तो सोडायलाच तयार नाही. फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटायला लागतं. तेवढ्यात कुणी अंतरपाट दूर केला नाही तर दुसऱ्या दिवशी फूल गळून पडतं.

मेक्सिकोत हे काम तिथल्या माश्या करतात. वर्षानुवर्षं मेलिपोना नावाच्या बिननांगीच्या माशीचं नाव सांगितलं जायचं, आता काही संशोधक चकचकीत हिरव्या-निळ्या ऑर्किड-माश्यांकडे बोट दाखवतात. ते काही असो, आपल्या पेटीतल्या माशीला हे कुलूप उघडत नाही. म्हणूनच स्पॅनिश लोकांनी वेल युरोपात नेली तरी तीनेकशे वर्षं मेक्सिकोबाहेर कुणाला धड शेंग मिळाली नाही. वेल वाढायची, क्वचित फुलायची, आणि संपलं.

१८३६ मध्ये बेल्जियमच्या लिएजमध्ये शार्ल मोरेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने काचघरात हाताने परागीकरण करून शेंगा धरवल्या. पण मळ्यात रोज शेकडो फुलांना करता येईल अशी सोपी रीत सापडली ती १८४१ मध्ये, हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावर. ती शोधणारा एदमाँ १२ वर्षांचा होता आणि गुलाम होता. बारीक काडीने पडदा वर उचलायचा आणि अंगठ्याने परागाचा गोळा कुक्षीवर दाबायचा. बस. मालकाने त्याला मळ्यामळ्यांतून फिरवून इतरांना शिकवायला लावलं. आज मादागास्करपासून केरळपर्यंत हीच रीत चालते. १८४८ मध्ये गुलामी उठली तेव्हा त्याला आल्बिउस हे आडनाव मिळालं. पैसा मिळाला नाही. १८८० मध्ये तो गरिबीतच गेला. एका नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञाने तर ही रीत मीच दाखवली होती असा दावा केला. मुलाचा जुना मालक त्याच्या बाजूने उभा राहिला म्हणून श्रेय तरी टिकलं.

वासाचं उत्तर माझ्या विषयाबाहेरचं. इथे कुणी रसायनवाले आहेत का?

झणझणीत मिसळ | १४ ऑगस्ट, १०:५५

मॅडम, अंतरपाटाची उपमा बाराव्या इयत्तेत कुणी सांगितली असती तर मी नापास झालो नसतो.

हरिपूरकर | १५ ऑगस्ट, सकाळी ७:१२

झेंडावंदनाला निघता निघता लिहितोय. आमच्या हरिपुरात हळदीची पेवं होती, आजोबांची दोन. शेतातून काढलेल्या हळकुंडालासुद्धा बाजारात चालतो तसा रंग-वास नसतो. शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची, मग ती हळद. तसंच काही असणार व्हॅनिलाचं.

द्रव पदार्थ | १५ ऑगस्ट, ११:३०

हरिपूरकर, निम्मं बरोबर. तुमचं "शिजवायची" हे मात्र व्हॅनिलाला लावलंत तर सगळी शेंग वाया.

मी सांगलीजवळच्या एमआयडीसीत फ्लेवरच्या कामात आहे. कोयनाकाठ, तुमच्या कोड्याचं उत्तर असं: हिरव्या शेंगेलाही वास नसतो. पिकलेली शेंग तोडून नाकाला लावा, काकडी-घेवड्यासारखं काहीतरी येईल. व्हॅनिलिन आत असतं, पण साखरेच्या रेणूला बांधलेलं. त्या जोडगोळीचं नाव ग्लुकोव्हॅनिलिन. ती गाठ सोडवणारं एन्झाइम शेंगेतच असतं, फक्त पेशीत वेगळ्या खोलीत. घरात कुलूपही आणि किल्लीही, पण भिंत मध्ये. क्युरिंग म्हणजे ती भिंत पाडणं.

पहिली पायरी 'मारणं'. शेंगा टोपलीत घालून ६३ ते ६५ अंश तापलेल्या पाण्यात तीनेक मिनिटं. पेशी फुटतात, शेंगेची वाढ थांबते. इथं हळदीसारखी उकळी आणलीत तर एन्झाइमही मरतं आणि हाती उरतो उकडलेला घेवडा. दुसरी पायरी 'घाम काढणं'. गरम असतानाच लोकरीच्या जाड कापडात गुंडाळून बंद पेटीत. पुढे आठ-दहा दिवस रोज दोन-तीन तास उन्हात कापडावर पसरायच्या आणि तापलेल्याच परत गुंडाळायच्या. शेंग हळूहळू चॉकलेटी, मग काळपट, तेलकट होते. तिसरी पायरी सावलीत रॅकवर संथ वाळवण, काही आठवडे. चौथी पायरी मेणकागद लावलेल्या बंद डब्यात दोन-तीन महिने मुरवणं. रोज एकेक शेंग बोटातून ओढून बघायची, बुरशी दिसली की ती बाजूला. पाच-सहा किलो ओल्या शेंगेची एक किलो होते, आणि त्या एका किलोत व्हॅनिलिन साधारण दोन टक्के.

म्हणून पत्रकातले "किलोला चाळीस हजार" कुठल्या किलोला, हे आधी विचारा. ओल्या की मुरलेल्या?

हरिपूरकर | १५ ऑगस्ट, १२:०५

मान्य, शब्द चुकला. पण आमच्याकडेही हळद किती शिजवायची याला अंदाज लागतो हो. काडी टोचून बघतात. जास्त शिजली तर रंग जातो. पेवांत मुरायचीही, जमिनीत २०-२५ फूट खाली, तोंड बंद, वर्षानुवर्षं. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि २०१९ ला उरलंसुरलं गेलं. आता कोल्ड स्टोरेज. असो, विषय भरकटला.

केकवाली सातारा | १५ ऑगस्ट, दुपारी ३:२०

भरकटू द्या काका, पेवांवर वेगळा धागा काढा.

मी साताऱ्यात घरून केक करते. बारकी बाटली, पाण्यासारखं पांढरं इसेन्स, तेच वर्षानुवर्षं वापरलं. लॉकडाउनमध्ये खरी व्हॅनिला वापरायची हौस आली. ऑनलाइन दहा शेंगा मागवल्या. आल्या त्या खराट्याच्या काड्या! वाकवायला गेले तर मोडल्या. चांगली शेंग बोटाभोवती गुंडाळता यायला हवी हे नंतर कळलं. दुसऱ्यांदा बऱ्या आल्या, मऊ, काळ्या, चिरल्या की आतून खसखशीहून बारीक दाण्यांचा लगदा. घरी एक्स्ट्रॅक्ट करायचं म्हणून व्होडकाच्या बाटलीत चिरून टाकल्या आणि बाटली ओट्याखालच्या कपाटात.

आमचे सासरे माळकरी. दर वर्षी वारी. एके दिवशी डब्याचं झाकण शोधताना बाटली त्यांच्या हातात. वर लेबल तसंच. मला काही बोलले नाहीत. सासूबाईंना म्हणाले, "सूनबाईला काही त्रास आहे का विचार." मी शेंगा दाखवल्या, केक दाखवला, तेव्हा पटलं. पण तो केक आजही खात नाहीत. कंदी पेढा पुढं करतात, "हे घे, हे बिनबाटलीचं."

झणझणीत मिसळ | १५ ऑगस्ट, ३:२६

"सूनबाईला काही त्रास आहे का" =)) चहा सांडला.

द्रव पदार्थ | १५ ऑगस्ट, ५:००

केकवालीताई, कारखान्यातही मुळात तेच होतं, फक्त टाकी स्टीलची. शेंगा चिरून अल्कोहोल-पाण्याच्या मिश्रणात, तेच मिश्रण पुन्हा पुन्हा शेंगांवरून फिरवायचं. अमेरिकेतल्या नियमाने 'व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट' म्हणायचं तर निदान ३५ टक्के अल्कोहोल आणि लिटरमागे साधारण १०० ग्रॅम शेंगा लागतात. तुमच्या पाव लिटरला सात-आठ शेंगा आणि निदान दोन-तीन महिने. लोक दोन शेंगा टाकून आठ दिवसांत बाटली उघडतात आणि म्हणतात, वास नाही.

माणदेशी माणूस | १५ ऑगस्ट, ५:३१

मंग त्या पांडऱ्या बाटलीत काय आसतंय?

द्रव पदार्थ | १५ ऑगस्ट, ६:१०

कारखान्यात बनवलेलं व्हॅनिलिन. १८७४ मध्ये टीमान आणि हारमान या जर्मन रसायनज्ञांनी पाइनच्या झाडातल्या कोनिफेरिनपासून पहिल्यांदा बनवलं. पुढे कागद गिरण्यांच्या टाकाऊ लिग्निनपासून. आता बहुतेक ग्वायाकॉलपासून, जे पेट्रोकेमिकलमधून येतं. लवंगेतल्या युजेनॉलपासूनही करतात, तांदळाच्या कोंड्यातल्या फेरुलिक आम्लापासून जंतूंकडून आंबवूनही. रेणू तोच, कणभरही फरक नाही. जगात खपणारं व्हॅनिलिन जवळजवळ सगळं असंच. शेंगेतून येणारं त्या मानाने चिमूटभर.

फरक इतकाच की शेंगेत व्हॅनिलिनच्या सोबतीला आणखी दोनशेच्या वर वासाचे घटक असतात. एकटी पेटी आणि पेटी-तबला-तानपुरा यांत जो फरक असतो, तो.

केकवाली सातारा | १५ ऑगस्ट, ६:२५

इथं थोडी असहमत. ओव्हनमध्ये १८० अंशाला भाजलेल्या केकमध्ये तानपुरा कुणाला ऐकू येत नाही, मी घरच्यांना न सांगता दोन्ही खाऊ घालून बघितलंय. कस्टर्ड आणि आइस्क्रीममध्ये मात्र चटकन कळतं. त्यामुळे केकला पांढरी बाटली, कस्टर्डला शेंग. खिशाला तेच परवडतं.

आणि आइस्क्रीममधले काळे ठिपके बघून भुलू नका. अर्क काढून घेतलेल्या शेंगांचा चोथाही दळून घालतात. ठिपके खरे, वास बाटलीतला. डब्यावर बारीक अक्षरांत 'कृत्रिम स्वाद' लिहिलंय का ते बघा.

शिरसीचा जावई | १६ ऑगस्ट, रात्री १०:१५

उशिरा आलो. मी मूळचा इस्लामपूरचा, सासुरवाडी कर्नाटकात, शिरसीच्या पुढे. सुपारीची बाग. माझं लग्न २००२ चं, म्हणजे व्हॅनिलाच्या तेजीत मी जावई झालो. त्याचं काय झालं ते ऐका.

लग्नानंतरच्या फेब्रुवारीत गेलो तर घरात सकाळी माणूस नाही. सासरे, सासूबाई, मेव्हणी, सगळे बागेत. सुपारीच्या मधून पांगारा आणि ग्लिरिसिडिया लावलेला, त्यावर वेली चढवून हाताला येईल अशा उंचीवर परत खाली सोडलेल्या. वेल वर वर जाऊ दिली तर फुलाला शिडी लागते. सासूबाईंच्या हातात माडाच्या झावळीची हीर. मला जावई म्हणून खुर्ची दिली, मी म्हणालो मलाही शिकवा. पहिली दहा फुलं फाडली. सासूबाई कानडीत काहीतरी म्हणाल्या, मेव्हणी हसली, अर्थ आजतागायत कुणी सांगितला नाही.

पुढच्या दिवसापासून जमलं. डाव्या हातात फूल, मागून आधार द्यायचा, हिरीने नळी उभी चिरायची, पडदा वर, अंगठा हलकेच. एका घोसात पंधरा-वीस फुलं येतात, पण रोज एखाद-दुसरंच उमलतं. म्हणून महिना-दीड महिना रोज तीच वेल परत. आणि सगळी फुलं धरवायची नाहीत. घोसाला आठ-दहा पुरे, जास्त धरली तर शेंगा बारीक राहतात आणि वेल बसते. हात बसलेला माणूस एका सकाळी हजार-बाराशे फुलं करतो. धरलं की नाही ते दुसऱ्या दिवशी कळतं. नाही धरलं तर बोट लावताच गळतं, धरलं तर सुकून तिथंच चिकटून राहतं.

त्या वर्षी मादागास्करचा माल कमी होता. तिथे २००० मध्ये चक्रीवादळ झालं होतं आणि भाव चढत गेले. ओल्या शेंगेला आमच्याकडे किलोला तीन-साडेतीन हजारांची बोली लागलेली. शेंगा धरल्यापासून नऊ महिने वेलीवर. शेवटच्या दोन महिन्यांत सासरे बागेत खाट टाकून झोपायचे. कुत्रा, टॉर्च, कोयता. मादागास्करात तर म्हणे शेतकरी टाचण्या टोचून कोवळ्या शेंगेवर आपली खूण गोंदतात, म्हणजे चोरी ओळखता येते. चोरीच्या भीतीने लोक शेंग कोवळीच तोडायचे, टोक पिवळं व्हायची वाट न बघता. अशा शेंगेत वास तो काय भरणार?

मग सगळ्यांनी लावली. केरळात, कोडगूत, आमच्याकडे, आफ्रिकेत. मोठे घेणारे कृत्रिमकडे वळले. दोन-तीन वर्षांत ओली शेंग शंभराच्या खाली. सासऱ्यांनी एका मे महिन्यात सगळ्या वेली कोयत्याने तोडून सुपारीच्या बुडात टाकल्या. दोनच ठेवल्या, गोठ्यामागे. त्या आजही आहेत.

तेव्हा पाटणकर, तुमच्या आतेभावाला माझा नमस्कार सांगा.

झणझणीत मिसळ | १६ ऑगस्ट, १०:२०

यावर पुढे काही लिहायची माझी हिंमत नाही. सहमत.

निम्मा शेतकरी | १७ ऑगस्ट, सकाळी ८:४५

सगळे रंगात आलेत, मूळ प्रश्न राहूनच गेला. मी कृषी पदवीधर, तासगावकडे द्राक्षबाग.

हवामान. व्हॅनिलाला साधारण २१ ते ३२ अंश, दमट हवा, निम्मी सावली लागते. पाटणचा पावसाळा तिला आवडेल. फुलोऱ्याआधी दोनेक महिने कोरडे लागतात, तेही आपल्याकडे मिळतात. अडचण डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेची, पारा दहा-बाराला येतो, आणि एप्रिल-मेच्या कोरड्या वाऱ्याची. फॉगर लावावे लागतील. म्हणजे येणारच नाही असं नाही, पण ती पाहुणी, घरची नव्हे.

रोग. आल्याची कंदकूज मुख्यतः पिथियमची, व्हॅनिलाची मूळकूज फ्युजेरियमची. बुरशी वेगळी, पण साचलेलं पाणी दोघींनाही मानवतं. ज्या पट्टीत आलं कुजलं तिथंच निचरा न सुधारता ही लावणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. हिची मुळंही वरवर पसरतात, पालापाचोळ्यात.

हिशोब. वीस गुंठ्यांत, वेलीला पाच चौरस मीटर धरले तर चारशे आधार. सगळं जमलं आणि वेलीला ऐंशी शेंगा धरल्या, तर ३२,००० फुलं. शिरसीकरांच्या सासूबाईंच्या वेगाने ते सत्तावीस सकाळी. पण तुम्ही आणि तुमचा गडी पहिल्या वर्षी त्याच्या निम्माही वेग गाठणार नाही, आणि फुलं काही सत्तावीस दिवसांत समान वाटून येत नाहीत. मोसमाच्या मध्यावर एकदम येतात. शिवाय पहिलं फूल तिसऱ्या वर्षी. पुढे शेंग नऊ महिने, मुरवण चार-सहा महिने. आज लावली तर पैसा बघायला चार वर्षं, तोही घेणारा जागेवर असेल तर. मादागास्कर सरकारने गेल्या वर्षी निर्यातीला किलोला २५० डॉलर किमान भाव ठरवलाय, तोही मुरलेल्या शेंगेला. म्हणजे साडेअठरा हजारांच्या आसपास. पत्रकवाला तुम्हाला चाळीस कुठून देणार?

आम्ही द्राक्षाला घडाघडाला हात लावतो, विरळणी करतो, घड जीएच्या (जिबरेलिक ॲसिड, मणी फुगवणारं संजीवक) द्रावणात बुडवतो, त्यामुळे कष्टाचं अप्रूप नाही. पण द्राक्षाला तासगावचा बेदाणा बाजार जवळ आहे. तुमच्या शेंगेला कोण आहे?

कोयनाकाठ | १७ ऑगस्ट, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार. आतेभावाला धागा वाचायला दिला. चिडलाय. म्हणतो, तुम्ही नकारात्मक लोक. पैसे भरत नाही हे नक्की. पण मॅडमनी अंतरपाटाचं जे सांगितलं ते डोक्यातून जात नाही. जावईबापू, गोठ्यामागच्या त्या दोन वेलींचे थोडे तुकडे मिळतील का? हौस म्हणून.

शिरसीचा जावई | १७ ऑगस्ट, ९:४०

दसऱ्याला जातोय. हातभर लांबीचे दहा तुकडे आणतो. आल्यावर आठवडाभर सावलीत तसेच ठेवा, जखम सुकू द्या, मग लावा. मुंबईच्या पार्सलसारखे लगेच उघडून मातीत खुपसू नका.

कोयनाकाठ | २ मार्च २०२५, दुपारी १:०५

धागा वर काढतोय. आठवतोय का कुणाला?

पत्रकवाल्यांचा फोन पुढच्याच उन्हाळ्यात बंद झाला. आतेभावाने एका मित्राला भरायला लावले होते, आता दोघं बोलत नाहीत. व्हॅनिलाचा भावही पुष्कळ उतरला म्हणतात, मादागास्करने २०२३ मध्ये तो किमान भाव काढून टाकल्यापासून. वीस गुंठ्यांत मी पुन्हा आलं आणि थोडी हळद करतो, गादीवाफ्यावर.

जावईबापूंचे दहा तुकडे न्हाणीमागच्या शेवग्याला आणि ग्लिरिसिडियाला लावले होते. पहिल्याच पावसाळ्यात तीन कुजले, एक वानरांनी ओरबाडला. सहा राहिले. गेल्या पावसाळ्यात वेलींचे शेंडे खुडले, दिवाळीनंतर न्हाणीचं पाणी दुसरीकडे वळवलं, कोरडं ठेवलं. जानेवारीच्या शेवटी दोन वेलींवर घोस दिसले.

पहिलं फूल मी फाडलं. दुसरंही. आई मागे उभी. म्हणाली, "बाजूला सर, तुझी बोटं कुदळीची." तिने आयुष्यभर गजरे ओवलेत. खराट्याची हीर घेतली, टोक फरशीवर घासून बोथट केलं, चष्मा पुसला. फूल धरलं आणि त्याच्याशी बोलायला लागली, "सरक की गं बाई, किती आडवी येशील." अंगठा टेकवला. पाच सेकंदांत झालं. दुसऱ्या दिवशी बोट लावलं, फूल जाग्यावर. अकरा फुलं केली, सात धरली. शेंगा आता करंगळीपेक्षा लांब झाल्यात.

आमरीताई, फोटो टाकतो. अंतरपाट स्पष्ट दिसतोय.

आमरी | २ मार्च, १:३०

शिकवताना दर वर्षी हे चित्र फळ्यावर काढते, आणि दर वर्षी चुकीचं काढत होते. पडदा इतका रुंद असतो हे आज कळलं. फोटो वर्गात दाखवू का? आईंचा हात दिसतोय, त्यांना विचारून सांगा.

केकवाली सातारा | २ मार्च, १:४२

सातपैकी एक माझी. आधीच सांगून ठेवते. सासऱ्यांनी ओट्याखालचं कपाट आता माझ्या नावावर करून दिलंय.

कोयनाकाठ | २ मार्च, रात्री ८:५०

आई म्हणते दाखवा, पण बांगड्या दिसू देत.

केकवालीताई, एक तुमची, कबूल. आता प्रश्न. दिवाळीच्या आसपास शेंगा पिकतील. घाम काढायला लोकरीचं कापड लागतं म्हणालात. घरात आजोबांचं घोंगडं आहे. चालेल का?

माणदेशी माणूस | २ मार्च, ९:०४

घोंगडं जुनं आसंल तर चालंल. नव्याला चिचुक्याची खळ आसती, तिचा वास आन् मेंढराचा वास, दोनी शेंगंत उतरतील. मंग केक न्हाई, वाडा लागंल म्हना.

द्रव पदार्थ | २ मार्च, ९:३०

माणदेशी बरोबर बोलतायत, लोकरीचा वास शेंग चटकन धरते. आधी स्वच्छ सुती फडक्यात गुंडाळा, त्यावर घोंगडं. पण सात शेंगांचा ढीग स्वतःची ऊब धरणार नाही, तिथं फसाल. पाण्यातून काढल्यावर फडक्यासकट थर्मासमध्ये टाका, रात्रभर ऊब राहील. दिवसा दोन तास ऊन, परत थर्मास. फडकं ओलं झालं की बदला. आणि तोडताना टोक पिवळं झालेलीच तोडा, सगळ्या एकदम नको. पूर्ण पिकली तर वेलीवरच तडकते, म्हणून नोव्हेंबरपासून रोज बघा.

कोयनाकाठ | ९ मार्च, सकाळी ७:२०

आई घोंगडं द्यायला तयार नाही. आजोबांचं आहे, त्यात फळं-बिळं गुंडाळायची नाहीत म्हणते. जुनी शाल देते म्हणाली. थर्मास आहे, तिच्या चहाचा, तोही बघू.

आणि काल एक शेंग देठाशी पिवळी पडून गळाली. उरल्या सहा. केकवालीताई, तुमची होती ती.